आधी आकाश, मग गाव : २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आखणी

२ ऑगस्ट २०२७ हा सोमवार आहे आणि त्या दिवशी आषाढ अमावास्या आहे. आपल्याकडे घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातील, त्याच दिवशी चंद्राची सावली जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून आफ्रिकेच्या उत्तर भागात शिरेल, पूर्वेकडे सरकत इजिप्तमध्ये येईल आणि तिथल्या लक्सर शहरावर दुपारी एक वाजून गेल्यावर जवळजवळ सहा मिनिटे वीस सेकंद सूर्य पूर्ण झाकलेला राहील. माझी आई, नवरा, मुलगी आणि मी असे चौघे त्या वेळी तिथे असावे, अशी आमची आखणी चालू आहे. ऐन ऑगस्टमध्ये इजिप्तला कशाला, ग्रहण तर घरबसल्याही दिसेल, असे ओळखीचे लोक विचारतात. त्यांना तोंडी दिलेली उत्तरे नेहमी अर्धवट राहतात, म्हणून सगळा विचार इथे नीट लिहून काढत आहे.

घरबसल्या दिसेल हे काही अंशी खरे आहे. पश्चिम भारतातून त्या दिवशी दुपारनंतर हे ग्रहण खंडग्रास असेल, अर्थात पावसाळी ढगांनी वाट दिली तर. परंतु खंडग्रास आणि खग्रास यांत कमीअधिकाचा फरक नसून जातीचाच फरक आहे. सूर्याभोवतीचे प्रभामंडल, म्हणजे करोना, सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकेच तेजस्वी असते. सूर्य ९९ टक्के झाकला गेला तरी उरलेला एक टक्का त्या प्रभामंडलाच्या दहा हजार पट प्रखर असतो आणि ते दिसूच देत नाही. म्हणून चंद्राची सावली जमिनीवरच्या ज्या पट्ट्यावरून जाते आणि जिथूनच खग्रास दिसते, त्या पट्ट्याच्या काठाबाहेर दहा किलोमीटरवर उभा असलेला माणूस आणि पट्ट्यात उभा असलेला माणूस यांनी एकच घटना पाहिली असे म्हणता येत नाही. प्रवासाचे सगळे कष्ट या एका कारणासाठी आहेत.

पट्टा सुमारे २५८ किलोमीटर रुंद आहे आणि स्पेनचे दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया असा पसरला आहे. त्यातले कोणते गाव निवडायचे हा खरा प्रश्न. बहुतेक जण खग्रास काळ सर्वांत जास्त कुठे आहे, हे आधी पाहतात. माझ्या मते ते दुसऱ्या क्रमांकावर यावे. पहिला प्रश्न त्या गावावर त्या महिन्यात, त्या घटकेला ढग असण्याचा संभव किती, हा असावा. पट्ट्याच्या मध्यरेषेपासून काठापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर, म्हणजे या ग्रहणात सुमारे ६५ किलोमीटर बाजूला उभे राहिले, तरी खग्रास काळ जेमतेम १३ टक्क्यांनी घटतो आणि सहा मिनिटे वीस सेकंदांची साडेपाच मिनिटे होतात. ढग आला तर मात्र सगळेच जाते.

हे मला २२ जुलै २००९ ने शिकवले. त्या दिवशीही आषाढ अमावास्याच होती. सावली सकाळी सुरतेवरून इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी गेली आणि देशाच्या मोठ्या भागावर मोसमी ढगांचे छत होते. आम्ही सुरतेत होतो. अंधार उतरला, पक्षी गप्प झाले, लोकांनी मोठ्याने आरोळ्या दिल्या, आणि वर पाहिले तर राखाडी ढगांपलीकडे काहीच नव्हते. अंधाराचाही थरार होता, तो मी नाकारत नाही, पण प्रभामंडल पाहायचे राहून गेले ते राहूनच गेले.

२०२७ चे ग्रहण त्याच मालिकेतले पुढचे आहे, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची तीच मांडणी १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी पुन्हा जमते, हे सारोस चक्र. वरचे आठ तास असल्यामुळे तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फेरा जास्त फिरते आणि पुढचे ग्रहण तितके पश्चिमेला सरकते. तीन चक्रांनी, म्हणजे ५४ वर्षे आणि महिनाभरानंतर, ते पुन्हा जवळपास त्याच रेखांशांवर येते. म्हणूनच ३० जून १९७३ ला याच मालिकेतले ग्रहण आफ्रिकेवरून गेले होते. त्या वेळी शास्त्रज्ञांना घेऊन निघालेल्या, ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानाने सावलीचा पाठलाग करत तब्बल ७४ मिनिटे खग्रास स्थिती अनुभवली. जमिनीवरच्या माणसाला त्या दिवशी जास्तीत जास्त सात मिनिटे चार सेकंद मिळाली होती. १९९१ मध्ये ती सहा मिनिटे त्रेपन्न सेकंद झाली, २००९ मध्ये सहा मिनिटे एकोणचाळीस सेकंद, आणि आता सहा मिनिटे तेवीस सेकंद. मालिका हळूहळू ओसरत आहे, तरीही एवढा मोठा खग्रास काळ यानंतर थेट २११४ मध्ये येणार आहे. जुलै-ऑगस्टच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून दूर असल्याने सूर्यबिंब किंचित लहान दिसते, त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या जवळ असल्याने चंद्रबिंब मोठे दिसते, आणि ज्या दिशेने सावली धावते त्याच दिशेने तिथली जमीनही फिरत असल्यामुळे सावलीचा वेग कमी भासतो. या तीन गोष्टी एकत्र येतात तेव्हाच अशी दीर्घ ग्रहणे होतात.

ढगांच्या कसोटीवर गावे एकेक करून गळत गेली. येमेनच्या डोंगरांवर ऑगस्टमध्ये ढग असतात, शिवाय तिथली परिस्थिती प्रवाशांनी जाण्यासारखी नाही. लिबियातल्या बेंगाझीत खग्रास काळ सहा मिनिटांहून अधिक आहे, पण सुरक्षिततेच्या कारणाने तेही बाजूला ठेवले. स्पेनमधले तारिफा पोहोचायला सोयीचे आहे आणि तिथे साडेचार मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. मात्र सामुद्रधुनीतून पूर्वेचा वारा वाहू लागला की समुद्रावरचा ढग किनाऱ्याला चिकटून बसतो. तिथे जाणाऱ्याने गाडी हाताशी ठेवावी आणि आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून जागा बदलायची तयारी ठेवावी. सौदी अरेबियातले जिद्दाही विचारात होते. लक्सरचे आकाश मात्र ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस निरभ्र असते आणि वाळूची वादळे आणणारा खमसीन वारा हा तिथला वसंतातला पाहुणा आहे, ऑगस्टमधला नाही. निर्णय तिथेच झाला.

ग्रहणासाठी लांबून येणाऱ्यांनी असा विचार पूर्वीपासून केला आहे आणि एकदा त्याचे फळ आपल्या महाराष्ट्रालाही मिळाले आहे. २२ जानेवारी १८९८ ला सावली कोकण किनाऱ्यावर उतरून देश आणि वऱ्हाडावरून पुढे गेली. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नायगमवाला यांनी पुणे-सोलापूर मार्गावरच्या जेऊरला तळ दिला, तर वऱ्हाडातल्या तळणीहून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी माँडर यांनी प्रभामंडलाचा दूरवर गेलेला झोत छायाचित्रात पकडला. जानेवारीचे कोरडे आकाश होते, आणि अवजड दुर्बिणी उतरवून घ्यायला जेऊर-तळणीला रेल्वे होती, विजयदुर्गला बंदर होते. जेऊर स्थानकावरून आजही गाड्या जातात, पण तिथे असे काही घडले होते हे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

लक्सर ठरल्यावर दुसरी चिंता उन्हाची. तिथे ऑगस्टच्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि खग्रासाच्या वेळी सूर्य क्षितिजापासून ८२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असेल. याचे दोन परिणाम आहेत. लक्सरमधल्या कर्णकच्या प्राचीन देवळाच्या खांबांमागे काळा सूर्य असे जे चित्र मनात येते, ते तिथे शक्य नाही, त्यामुळे देवळाच्या आवारात गर्दीत उभे राहण्यात काही विशेष लाभ नाही. दुसरे म्हणजे मान वर करून तासाभराहून अधिक वेळ पाहणे आईला तर नाहीच, आम्हालाही झेपणार नाही. म्हणून नाईलच्या पश्चिम काठावरचे, शेताला लागून असलेले, गच्ची आणि सावलीची पडवी दोन्ही असलेले निवासस्थान आम्ही शोधत आहोत. स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, साडेअकराच्या सुमारास होईल. तेव्हापासून संमीलनापर्यंत, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाईपर्यंत, पडवीत बसून अधूनमधून ग्रहणाच्या चष्म्यातून पाहायचे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत गच्चीवर सतरंज्या अंथरून सरळ आडवे व्हायचे, असा बेत आहे. त्या दिवशी गाडीत बसायचे नाही. रस्त्यांवर काय गर्दी होईल याचा अंदाज कोणी देऊ शकत नाही, आणि आकाश निरभ्र असताना गाडीत अडकून पडण्यासारखे दुःख नसेल.

नाईलमधल्या जहाजाची सहल घेणाऱ्यांना एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. ही जहाजे लक्सर आणि अस्वान यांच्या दरम्यान चालतात, आणि अस्वान खग्रास पट्ट्याच्या थोडेसे बाहेर, दक्षिणेला राहते. एका सहल कंपनीने मला पाठवलेल्या कार्यक्रमात 'ग्रहण विशेष' असे लिहून २ ऑगस्टचा मुक्काम अस्वानला दाखवला होता. पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशी दुपारी जहाज नेमके कुठे असेल, हे लेखी घ्यावे आणि ते ठिकाण नकाशावरच्या पट्ट्यात आहे का, हे स्वतः तपासावे. कैरोही पट्ट्याच्या बाहेरच आहे. पिरॅमिड पाहून त्याच दिवशी ग्रहणही पाहू, असा हिशेब कोणी करू नये.

चष्मे आयएसओ १२३१२-२ या मानकाचेच घ्यायचे आणि निघण्यापूर्वी प्रत्येकावर ओरखडा किंवा छिद्र नाही ना, हे पाहायचे. सूर्याची अखेरची किनार विझून हिऱ्याची अंगठी, म्हणजे काठावर चमकणारा शेवटचा प्रखर ठिपका, संपली की चष्मा काढायचा, आणि पश्चिमेकडची कड उजळू लागली की लगेच पुन्हा लावायचा. मधली सहा मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहायला पूर्ण निर्धोक आहेत, हे मी आईला पुन्हा पुन्हा सांगत आहे, कारण १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला, मुंबईचे रस्ते ओस पडले होते तेव्हा, तिला खिडक्या बंद करून दिवसभर आत बसवले होते. कर्नाटकातून ते खग्रास होते आणि मुंबईत खंडग्रास. तेही तिने पाहिले नाही. मोक्षानंतर स्नान करीन, पण या वेळी पाहीन, असे तिने मला स्पष्ट सांगितले आहे. या प्रवासातली सर्वांत भक्कम इच्छा तिचीच आहे.

छायाचित्रे काढायची नाहीत, हे आम्ही आधीच ठरवले. ती काढणारे अनुभवी लोक जगभरातून तिथे येणार आहेत आणि त्यांची चित्रे आपल्याला पाहायला मिळतीलच. सहा मिनिटांचा काळ मोठा असला तरी कॅमेऱ्याची कळ शोधण्यात तो संपून जाईल. त्याऐवजी काय पाहायचे याची उजळणी मुलीबरोबर चालू आहे : काठावरच्या लालसर ज्वाळा, प्रभामंडलाचे पसरलेले पदर, भर दुपारी दिसणारे ग्रह, आणि चोहोबाजूंनी क्षितिजावर पसरलेला संध्याकाळचा रंग. सूर्याच्या क्रियाशीलतेचा उच्चांक २०२४ च्या सुमारास येऊन गेला. तो ओसरत असताना प्रभामंडल सारखे गोल न राहता विषुववृत्ताच्या बाजूंना अधिक लांबत जाते, त्यामुळे २०२७ मध्ये त्याचा आकार कसा दिसेल, याची तिला फार उत्सुकता आहे. संमीलनाच्या आधी मिनिटभर गच्चीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावरून सरकणारे छायापट्टे, म्हणजे उजेड-सावलीच्या लहरत्या पुसट रेघा, दिसतात का, हे पाहण्याची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली आहे.

बाकीचा भाग खर्चाचा आणि कागदपत्रांचा आहे. विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी तिकिटे खुली करतात, पण ग्रहणाच्या पट्ट्यातल्या खोल्या त्याच्या कितीतरी आधी संपतात. म्हणून खोली आधी, तीही रद्द करता येणारी, आणि तिकीट नंतर. कैरोला एक दिवस मोकळा ठेवून ३० जुलैपर्यंत लक्सरला पोहोचायचे, म्हणजे विमान चुकले, सामान राहिले किंवा आईला उन्हाचा त्रास झाला तरी सावरायला अवधी राहील. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते दूतावासाकडूनच तपासायचे. आईचा प्रवासविमा तिच्या रक्तदाबाची नोंद करूनच काढायचा आणि तिच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घ्यायची. राजांच्या दरीतली थडगी आणि कर्णक हे ३१ तारखेला पहाटे उरकून घ्यायचे आहे. १ ऑगस्टला काहीही करायचे नाही, आणि २ तारखेला सकाळी उठून आधी गच्चीवरच्या सतरंज्यांची जागा ठरवायची.