तुम्ही विचारलंत म्हणून: माझा डावा डोळा आत का गेला आहे?

लग्नकार्यात भेटणारे पाहुणे, पेठेतले जुने खेळाडू आणि आता सरावाला येणारी मुलेही मला विचारतात, "तुमचा एक डोळा लहान का दिसतो?" डोळा लहान झालेला नाही आणि दृष्टीही शाबूत आहे. तो खोबणीत मागे सरकला आहे, त्यामुळे वरची पापणी थोडी उतरली आहे आणि तिच्यावरची खळगी खोल झाली आहे. डॉक्टर याला एनॉफ्थॅल्मॉस म्हणतात. दोन डोळ्यांत साधारण 2 मिलिमीटरचा फरक पडला की तो समोरच्याच्या लक्षात येऊ लागतो.

कोल्हापुरात फुटबॉल किती चुरशीने खेळला जातो, हे सांगायला नको. अशाच एका सामन्यात उंच चेंडूसाठी उडी घेताना समोरच्या खेळाडूचे कोपर माझ्या डोळ्यावर बसले. डोळ्याच्या कडेचे हाड भक्कम असते, पण खोबणीचा तळ अगदी पातळ असतो आणि त्याच्याखाली गालाच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस असते. जोराचा मार बसला की कडा शाबूत राहूनही तळ फुटू शकतो आणि डोळ्याभोवतीची चरबी, कधी स्नायूसुद्धा, त्या फटीतून खाली उतरतो. मोठ्या माणसाच्या खोबणीत जेमतेम 30 मिलिलिटर जागा असते. ती एखाद्या मिलिलिटरने वाढली तरी डोळा जवळपास 1 मिलिमीटर मागे जातो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की हे पहिल्या दिवशी दिसत नाही. सूज असते तोवर डोळा उलट पुढे आल्यासारखा वाटतो आणि घरचे लोक काळजी सोडतात. सूज उतरल्यावर खरा फरक उघड होतो. म्हणून गाल किंवा वरचा ओठ बधिर वाटला, वर पाहताना एकाच्या दोन वस्तू दिसल्या, तर सूज उतरण्याची वाट न पाहता सीटी स्कॅन करून घ्यावा, आणि तोवर नाक जोराने शिंकरू नये. शस्त्रक्रियेची गरज असेल तर ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत करतात आणि तळाला टायटॅनियमच्या जाळीसारखा आधार देतात. नंतरही ती करता येते, मात्र आतले व्रण सोडवणे अवघड जाते. माझे दुहेरी दिसणे आपोआप थांबले होते, म्हणून मी शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घेतला.

मार न लागताही डोळा आत जाऊ शकतो. सायनसचे तोंड बंद होऊन आतली हवा शोषली गेली, की खोबणीचा तळ हळूहळू खाली ओढला जातो आणि दुखत काहीच नाही. क्वचित स्तनाचा कर्करोग खोबणीत पसरल्यानेही असे घडते. विनाकारण एकच डोळा आत जात असेल, तर ते वयावर किंवा जागरणावर ढकलू नये.

मुलांचे हाड लवचिक असते. ते फटकन उघडून पुन्हा मिटते आणि स्नायू त्यात अडकतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, सूज जवळजवळ नाही, पण मूल वर पाहू शकत नाही, त्याला उलट्या होतात, नाडी मंदावते. डोक्याला मार लागला असे समजून नुसते झोपवून ठेवले तर स्नायू कायमचा निकामी होऊ शकतो. अशी शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांतच व्हावी लागते. म्हणूनच सरावात एखाद्या पोराच्या डोळ्यावर मार बसला, की मी खेळ थांबवतो आणि मान न हलवता त्याला वर, खाली, दोन्ही बाजूंना पाहायला लावतो.