परत कावीळ नको

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज आई बोलली. गेले तीन आठवडे दादा तावातावाने बोलत होता, वहिनी रडत होती, मी दोघांच्या मध्ये पडत होते आणि आई खिडकीशी माळ घेऊन गप्प बसून होती.

भाचीला चौथा महिना सरत आलाय. एकोणतीस वर्षांची आहे, कांजूरमार्गला भाड्याच्या घरात राहते, स्वतःचं कमावते. तो मुलगा आता तिच्या आयुष्यात नाही आणि तिला तो परत नकोही आहे. मूल मात्र हवंय. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आठवा आठवडा होता. बाईंनी दोन्ही वाटा नीट समजावल्या. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ एवढ्यांपुरतंच होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘जोडीदार’ आणला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २४ आठवड्यांच्या वाढीव मुदतीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही. म्हणजे नको म्हणायची वाट तिच्यासमोर धडधडीत उघडी होती. दहा दिवस विचार करून ती हवं म्हणाली. मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण नात्यातल्या दोघांनी ‘फसली बिचारी’ असा सूर लावलाय. ती फसलेली नाही.

तर आज दादाने तोडगा काढला. सोसायटीत सांगायचं, रजिस्टर लग्न झालंय, जावई बोटीवर असतो. दोनेक वर्षांनी सांगू, पटलं नाही. वहिनीने मान डोलावली. मलाही क्षणभर ते सोयीचं वाटलं, हे इथे कबूल करते.

आईने माळ खाली ठेवली. म्हणाली, “परत कावीळ नको.”

दादाला काही कळेना. मला मावशीची गोष्ट अर्धवट माहीत होती. आज आईने ती सगळी सांगितली, भाचीच्या समोर.

१९७४ साल. आई-बाबा लालबागच्या चाळीत, एका खोलीत. बाबा गिरणीत. मावशी वीस वर्षांची, परळच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायला जायची. तिला दिवस गेले. गर्भपाताचा कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती, पण चाळीत तो कोणाला ठाऊक होता? ठाऊक असता तरी गावाहून आलेली कुमारी पोर कुठल्या दवाखान्यात पाऊल ठेवणार होती? आजोबांनी तिला मिरजेला ओळखीच्या एका बाईंकडे पाठवलं. गावात सांगितलं, पोर मुंबईत कामाला आहे. चाळीत सांगितलं, कावीळ झाली म्हणून गावी गेलीय. मूल तिथेच कोणाला तरी दिलं. मुलगा की मुलगी, हे आईला आजही माहीत नाही. मावशीने सांगितलं नाही, आईने विचारलं नाही.

इथपर्यंत मी ऐकून होते. पुढचं नव्हतं.

बाळंतपणानंतर एकविसाव्या दिवशी मावशी लालबागला परतली. अंगावर दूध होतं. रात्री दिवा घालवला की आई जुन्या लुगड्याच्या पट्टीने तिची छाती घट्ट बांधायची. मावशी तोंडात पदराचा बोळा धरायची, कारण भिंतीपलीकडे शेजारचं बिऱ्हाड होतं. आणि सकाळ झाली की काविळीचं पथ्य! शेजारणी मायेने चौकशीला येत. कोणी उसाचे करवे आणून देई, कोणी भाजके चणे. तेल बंद, तूप बंद, फोडणी बंद, हळदसुद्धा बंद. खोटं बोललो होतो, ते निभवायला हवं होतं. ओल्या बाळंतिणीला आईने दोन महिने पिवळा कणही न घातलेला फिका मऊ भात वाढला. डिंक नाही, मेथी नाही, अळीव नाही, शेकशेगडी तर नाहीच. “बहीण होते मी तिची,” आई म्हणाली, “आणि माझ्या हाताने तिला उपाशी ठेवली.”

दादा उठून गच्चीवर गेला. परत आला तेव्हा बोटीचा विषय त्याने काढला नाही.

मंगळवार

झोप नाही. डोक्यात सारखे आकडे फिरतात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ मध्ये. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता येई. तिथल्याच एका बाईचा मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. मावशी मिरजेहून आली ती त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्या घरात बाळंतिणीला निदान बाळंतिणीसारखं तरी वागवलं असेल.

आज भाचीबरोबर नाव नोंदवायला गेले. काउंटरवरच्या मुलीने ‘मिस्टरांचं नाव’ तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा मोठ्याने. बाकावरच्या सगळ्या बायका वळल्या. भाची शांतपणे म्हणाली, “रकाना रिकामा ठेवा.” माझेच हात थरथरत होते. घरच्यांची मनं बदलली तरी असे रकाने उरतातच, आणि आमची मनंही बदलतायत ती अजून दाराच्या आतच.

संध्याकाळी दादाने हळूच विचारलं, जन्मदाखल्याचं काय? मी त्याला सांगितलं, अविवाहित आईवर बापाचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटलंय. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावापाठोपाठ आईचं नाव येतं. तो बराच वेळ गप्प होता. मग बाळाचं नाव, भाचीचं नाव आणि आमचं आडनाव असं एकापुढे एक म्हणून बघत बसला. बाळाचं नाव अजून ठरलेलंच नाही, ती जागा तो ‘अमुक’ म्हणून भरत होता.

शनिवार, सातवा महिना

आज ओटी भरली. वहिनीनेच ठरवलं. मजल्यावरच्या चार घरांना तिने स्वतः जाऊन बोलावलं. लग्न झालेलं नाही, असं दारात उभं राहून सांगितलं. तीन घरं आली.

आईची अट एकच होती, पहिली ओटी मावशी भरणार. मावशी बदलापूरहून आली, पण ताटाला हात लावेना. तिशीत तिचं एका बिजवराशी लग्न लावून दिलं होतं, आता तेही नाहीत. “मी कशी भरू? मी सवाष्ण नाही.” खोलीत सवाष्ण म्हणावी तर वहिनी होती आणि आलेल्या शेजारणी. वहिनीने ताट उचललं आणि मावशीच्या हातात दिलं.

मावशीने हळदीत बोट बुडवलं आणि तशीच थांबली. भाचीने कपाळ पुढे केलं. हळद लागली, कुंकू लागलं, खण-नारळ, तांदूळ पदरात पडले. मावशी तिच्या कानाशी वाकली. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

“बाळंतपणात सगळं खा. तूप खा, डिंक खा. भातावर पिवळंधमक वरण घे.”