जागा वाढवल्या की सिस्टर वाढतात का?

‘नागपुरात जिकडेतिकडे नर्सिंग कॉलेजांचे बोर्ड, मग सरकारी वॉर्डात रात्री सिस्टर शोधावी का लागते? कॉलेजांच्या जागा दुप्पट करून टाका ना!’ पेशंटचे नातेवाईक हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून हिशेबच मांडते.

नर्सिंगचे निकष ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात ३ खाटांमागे एक अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, हवी. तीन पाळ्यांत वाटली की पाळीला ९ पेशंटांमागे एक. ४५ खाटांना पाळीत ५, दिवसाला १५, आणि रजांसाठी ३० टक्के जादा धरले की जवळपास २०. यातली सहा-सात पदं रिकामी राहिली की कात्री नाइटला लागते, दोघीच उरतात. तीस पेशंटांना रात्री दहाची इंजेक्शनं असतात. औषध विरघळवून, नाव पडताळून, शिरेतून सावकाश द्यायला प्रत्येकी चार-पाच मिनिटं, म्हणजे दुसरी बाकीचा वॉर्ड बघत असली तर एकीला दोन-अडीच तास. मधेच कुणाला रक्त लावलं तर पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, कारण रिॲक्शन आली तर बहुधा तेव्हाच येते. मग शेवटच्या खाटेचं दहाचं औषध एकला पोचतं.

आता जागा वाढवण्याचं. बी.एस्सी.ला वर्षाला ६० मुली घेतल्या तर चार वर्षांच्या मिळून २४०. दहा मुलींमागे एक शिक्षिका, म्हणजे २४ हव्यात. एका मुलीमागे तीन पेशंट, म्हणजे एक बॅच वॉर्डात उतरली की १८० पेशंट हवेत. बेंच आठ दिवसांत येतात हो, भरलेल्या खाटा कुठून आणायच्या? कॉलेजच्या स्वतःच्या रुग्णालयात पेशंट नसले की मुली सरकारी वॉर्डात पाठवतात. तिथे एका लेबर टेबलाभोवती दोन-तीन कॉलेजांच्या मुली उभ्या राहतात. प्रसूती एकीच्या हातून होते, बाकीच्या बघतात, आणि केसबुक, म्हणजे केलेल्या प्रसूतींची नोंदवही, मात्र सगळ्यांचं भरतं. म्हणून मुलीमागे तीन पेशंटांची अट सैल करा म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. उद्या गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रात त्याच मुलीला एकटीने बाळंतपण करायचं असतं.

खरी अडचण शिक्षिकांची आहे. एम.एस्सी. झालेली पाठ्यनिर्देशिका, म्हणजे कॉलेजात शिकवणारी, वॉर्डातल्या अधिपरिचारिकांमधूनच तयार व्हायची असते, आणि त्यासाठी दोन वर्षांची अभ्यासरजा लागते. जिथे नाइटला दोघीच आहेत, तिथला रजेचा अर्ज मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखाच्या, टेबलावरच अडतो. तेव्हा भरती आधी वॉर्डातली करा, रजेचे ३० टक्के धरून. जागांचं त्यानंतर बोलू.