सर्टिफिकेट निघेपर्यंत

माझ्या नातवाला तहान लागली की तो माठापर्यंत जात असे, पण पाणी मागत नसे. जवळ जो कोणी मोठा माणूस असेल त्याचे मनगट धरायचे, त्याच्या तोंडाकडे न पाहता त्याला ओढत माठापाशी न्यायचे आणि त्याचा हात ओगराळ्यावर ठेवून द्यायचा, अशी त्याची पद्धत होती. तो तीन वर्षांचा होईपर्यंत आम्ही घरातले सगळे या गोष्टीचे कौतुकच करीत होतो. "हुशार आहे, बोलायचे कष्ट घेत नाही," असे माझी पत्नी आल्यागेल्याला सांगत असे. हाक मारली तर तो वळत नसे, मात्र टीव्हीवर एका ठरावीक जाहिरातीची धून लागली की मागच्या अंगणातून धावत येई, त्यामुळे कानात दोष नाही याची आम्हाला खात्री होती. दुपारभर ओसरीच्या कडेने चिंचोके एका रांगेत मांडत बसायचा आणि त्यातला एक जरी कोणी हलवला तरी घर डोक्यावर घ्यायचा. हा हट्टीपणा आजोळकडून आला आहे, असे आमचे ठाम मत होते आणि आजोळचे मत नेमके याच्या उलट होते.

बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द उच्चारला तेव्हा घरात रडारड झाली. मी मात्र रडलो नाही, मी फाईल केली. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो आहे, त्यातली चार वर्षे संजय गांधी निराधार शाखेत गेली, आणि त्या टेबलावर दिव्यांगांची शेकडो प्रमाणपत्रे माझ्या हाताखालून गेलेली असल्यामुळे या बाबतीत काय करायचे ते आपल्याला ठाऊक आहे असा माझा समज होता. आधी सर्टिफिकेट काढायचे, मग त्याच्या जोरावर बाकीचे सगळे मिळत जाईल, हा तो समज. गोदाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावातून मी सेतू केंद्राच्या चकरा सुरू केल्या. आधारवर मुलाचे नाव एक आणि जन्माच्या दाखल्यावर दुसरे, म्हणून एक महिना गेला. फोटोसाठी तो स्टुलावर बसेना, म्हणून आणखी एक आठवडा गेला. पुढे रुग्णालयात वैद्यकीय मंडळाच्या दिवशी तपासणारे तज्ज्ञ रजेवर असल्याने आम्ही तीन वेळा हात हलवत परत आलो. "पुढच्या बुधवारी या," असे खिडकीतला माणूस ज्या सुरात सांगत होता तो सूर मला अनोळखी नव्हता, एवढेच इथे नमूद करतो.

या सगळ्यात आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांत माझ्या नातवासोबत कोणीही एक तासभरसुद्धा शिस्तीने काम केले नाही. कारण काय, तर सर्टिफिकेट निघाल्याशिवाय थेरपी सुरू होत नाही, असे मी घरात सांगून ठेवले होते. हे माझे म्हणणे सपशेल चुकीचे होते. निदान, प्रमाणपत्र आणि उपचार या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र लागते ते सवलती, अनुदान आणि विम्यासाठी. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) किंवा विशेष शिक्षण सुरू करायला ते लागत नाही. इतकेच काय, अंतिम निदान लांबले तरी मूल बोलत नाही, नजर देत नाही, हाकेला वळत नाही एवढ्या कारणावर काम सुरू करता येते आणि ते करायचेच असते.

खरे तर सरकारी यंत्रणेतला पहिला दरवाजा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन गेला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. जन्मजात व्यंग आणि आजार यांच्यासोबतच विकासातला विलंब हाही त्या तपासणीचा भाग आहे. असा विलंब आढळला तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, त्याला कामकाजात सगळे डीईआयसी म्हणतात. आमच्या अंगणवाडीत पथक आले त्या दिवशी मात्र आमचा नातू घरीच होता, कारण डॉक्टरांना पाहून तो किंचाळेल, चारचौघांत शोभा होईल, म्हणून आम्हीच त्याला पाठवले नव्हते. अंगणवाडीताईंनी दुपारी निरोप धाडला, तेव्हा त्याला झोप लागली आहे असे आम्ही कळवले. ज्या मुलासाठी ती गाडी आली होती तेच मूल आम्ही आत कडी लावून ठेवले होते.

आठ महिन्यांनंतर सूनबाईने माझी फाईल बाजूला सारली. तिच्या माहेरच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचे नाव सांगितले होते. बौद्धिक दिव्यांगतेच्या क्षेत्रातली केंद्र सरकारची ही संस्था १९८४ सालची असून मनोविकासनगर भागात आहे. नांदेड-परभणीकडच्या लोकांना पुण्या-मुंबईपेक्षा ती सोयीची पडते, कारण देवगिरी एक्स्प्रेस सरळ तिकडेच जाते. प्रवासात नातू निजामाबादपर्यंत खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत राहिला, त्यामुळे आमचा प्रवास सुखाचा झाला. तिथे एकाच आवारात मानसशास्त्रज्ञ, वाचातज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी त्याला पाहिले. महत्त्वाचे म्हणजे औषधाची चिठ्ठी न देता त्यांनी आम्हाला घरी करायच्या कामांचा कागद दिला. तेलंगणात जाऊन मराठी मुलाचे काय होणार, ही माझी शंका होती. पण ज्या मुलाला अजून पहिलाच शब्द यायचा आहे त्याच्या बाबतीत भाषेची अडचण आईबापांची असते, आणि आमच्या सूनबाईची हिंदी चांगली आहे.

नियमित जाण्यासाठी मात्र जवळचेच ठिकाण हवे, कारण महिन्यातून एकदा लांबच्या नामांकित केंद्रात जाण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा जवळच्या साध्या केंद्रात जाणे अधिक कामाचे ठरते. मराठवाड्यात आता अगदीच दुष्काळ राहिलेला नाही. छत्रपती संभाजीनगरात आरंभ हे केंद्र आणि लातूरमध्ये उमंग ही संस्था ऑटिझम असलेल्या मुलांसाठी काम करते. संभाजीनगरच्याच घाटी रुग्णालयात बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरीही हिंगोली, धाराशिव किंवा बीडच्या एखाद्या आडवळणाच्या गावातून दोन एसट्या बदलून, गर्दी आणि हॉर्न सहन न होणारे मूल कडेवर घेऊन जाणाऱ्या आईला जवळ कशाला म्हणायचे, हा प्रश्न उरतोच. आम्ही जिल्ह्याच्या गावी एक वाचातज्ज्ञ गाठल्या. नातू त्यांना आजही स्पीचच्या मॅडम म्हणून ओळखतो, म्हणजे त्यांच्या फोटोचे कार्ड दाखवतो.

तज्ज्ञ निवडताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते व त्यांना नोंदणी क्रमांक मिळालेला असतो, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परिषद आहे. हा क्रमांक विचारण्यात कोणताही आगाऊपणा नाही. ज्यांच्याकडे तो आहे ते शांतपणे सांगतात आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना राग येतो, असा माझा अनुभव आहे. आम्हाला एका ठिकाणी मूळ पेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे इंजेक्शन सुचवले गेले. त्यासाठी दोन एकर विकावे लागले असते आणि मी सातबारा काढायलाही निघालो होतो. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये अशी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची शिफारस आहे, हे स्पीचच्या मॅडमनी वेळेवर सांगितले म्हणून ती जमीन आज आमच्या नावावर आहे.

मॅडमनी पहिल्या महिन्यात माठाचेच काम हाती घेतले. आमच्याच माठाचा आणि त्याच्याच स्टीलच्या ग्लासाचा फोटो काढून आणा, असे त्यांनी सांगितले. झेरॉक्सच्या दुकानात तो पत्त्याएवढा छापून लॅमिनेशन करून घेतला आणि माठाशेजारी भिंतीला चिकटवला. त्याने मनगट धरून ओढले की जायचे, पण हात ओगराळ्याला लावायचा नाही. त्याच्या उंचीवर खाली बसायचे, कार्ड त्याच्या हातात द्यायचे, ते आपल्या तळहातावर ठेवून घ्यायचे, "पाणी" असे एकदाच म्हणायचे आणि लगेच पाणी द्यायचे. नंतरच्या आठवड्यात कार्ड द्यायच्या आधी मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. हे ऐकायला फार सोपे वाटते, पण तहानलेला नातू समोर असताना दहा आकडे मोजणे आजीला काही जमत नव्हते. ती चारलाच ग्लास भरायची आणि त्यावरून घरात दोनदा भांडण झाले. शेवटी आजीसाठी वेगळी ड्युटी काढून तिला चिंचोक्यांच्या खेळात बसवले: एक त्याने मांडायचा, एक तिने. सहाव्या आठवड्यात एका दुपारी मी पेपर वाचत असताना माझ्या मांडीवर काहीतरी पडले. पाहतो तर माठाचे कार्ड, आणि तो समोर उभा. मनगट धरले नव्हते.

मधल्या काळात सर्टिफिकेटही निघाले. मूल्यमापनासाठी इसा नावाची भारतीय मापनश्रेणी वापरली गेली. तिच्यात ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात, आणि एकूण ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते, म्हणजेच ४० टक्के दिव्यांगत्व. यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्यांना विचारून ठरतात आणि तिथेच घोटाळा होतो. "सगळं कळतं त्याला, फक्त बोलत नाही," असे आजी प्रत्येक प्रश्नाला अभिमानाने सांगू लागली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ हातातले पेन खाली ठेवून म्हणाले, "आजी, त्याचा चांगला दिवस नका सांगू, रोजचा दिवस सांगा." तपासणीला जाण्यापूर्वी आठवडाभर रोजच्या रोज वहीत टिपून ठेवले तर वाढवूनही सांगितले जात नाही आणि झाकूनही राहत नाही.

या कागदाला बळ आले ते दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मुळे. १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच, नव्या कायद्याच्या २१ प्रकारांत ती आहे. माझ्या टेबलावरून गेलेल्या त्या शेकडो प्रमाणपत्रांपैकी एकावरही हा शब्द पाहिल्याचे मला आठवत नाही, आणि त्यामागे कारण हेच असावे. अशी मुले तेव्हाही असणारच, बहुधा मतिमंद म्हणून नोंदलेली. प्रमाणपत्रामुळे माझ्या मुलाला, म्हणजे नातवाच्या बापाला, आयकराच्या जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळाली. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळाले. नेहमीच्या विम्यात न बसणारा थेरपीचा खर्च या योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो, आणि विमा घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीही लागत नाही. माझ्या मते संपूर्ण फाईलमधला सर्वांत उपयोगी कागद हाच, आणि आमच्या भागात सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेलाही हाच.

शाळेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. सहा ते अठरा वर्षांच्या लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलेला आहे. पहिल्या शाळेत "इतर पालकांच्या तक्रारी येतात," असे ऐकावे लागले, म्हणून मी शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रात गेलो. तिथल्या विशेष शिक्षकांकडे शाळा भरपूर आणि दिवस मोजके, तरी ते आले. त्यांनी अर्धा दिवस मागच्या बाकावर बसून काढला आणि मूल नेमके कशाने बिथरते ते शोधले. व्हरांड्यात टांगलेल्या लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोला पडला की तो वर्गाबाहेर पळत होता. आता टोला पडायच्या आधी बाई त्याला घंटेचे चित्र दाखवतात, तो दोन्ही कान झाकून घेतो, टोला पडतो आणि तास बदलतो.

मोठ्या मुलांचे प्रश्न वेगळे आहेत. शेजारच्या गावातल्या एका बाईंचा मुलगा अठरा वर्षांचा झाला, आणि त्याच्या खात्यावर आता तुमची सही चालणार नाही असे बँकेने त्यांना सांगितले. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तरीय समिती असते आणि ती कायदेशीर पालकत्व देते. आईबाप हयात असले तरी तो अर्ज करावा लागतो. त्यांचा अर्ज मी लिहून दिला, आणि या कामात माझी कारकुनी प्रथमच सत्कारणी लागली.

आता रविवारी सकाळी ओसरीवर कोणी ना कोणी येते. मागच्या रविवारी मानवतकडून एक तरुण बाप आला होता, मोटारसायकलवर पुढे मुलगी आणि पाठीवर बॅग. बसल्या बसल्या त्याने बॅगेतून फाईल काढली आणि विचारले, "काका, सर्टिफिकेटला किती दिवस लागतात?" मुलगी तोवर चिंचोक्यांपाशी पोहोचली होती. नातवाने तिच्याकडे पाहिले नाही, पण रांगेतला आपला हात थोडा मागे घेतला. मी फाईल माझ्या शेजारी ठेवून घेतली आणि त्याला विचारले, "ते सांगतो. आधी हे सांग, ती पाणी कसे मागते?"