अनंतावरच्या अळीपासून पारदर्शक पंखांच्या पतंगापर्यंत : माझा अनुभव

अनंताची कोवळी पानं कोणीतरी देठापर्यंत फस्त करतंय असं दिसलं की बरेच जण सरळ औषध मारतात. प्लीज, आधी अळीचं मागचं टोक बघा. तिथे छोटंसं शिंग असेल तर ती हॉक मॉथची (जाड अंगाच्या, वेगाने उडणाऱ्या पतंगांचा एक गट) अळी, आणि झाड अनंताचं असेल तर कॉफी बी हॉक मॉथ म्हणजे सेफोनोडेस हायलासची असायची शक्यता खूप. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने याची नोंद १७७१ मध्येच केली होती, तरी आपल्याकडे फार कमी लोक याला ओळखतात कारण हा दिवसा उडतो, फुलासमोर हवेत थांबून सोंडेने मध पितो आणि बघणाऱ्याला भुंगाच वाटतो.

मला याची एकच गोष्ट बघायची होती, याचे पंख पारदर्शक कसे होतात, ती फोटोत नीट कळत नाही म्हणून दोन अळ्या घरी वाढवल्या. जाळीचा पिंजरा, रोज ताजा पाला (फवारणी न केलेला, हे फार महत्त्वाचं) आणि रोज लेंड्या साफ करणं, बास. कॉफी, अनंत, गेळा ही सगळी एकाच कुळातली झाडं आणि या अळ्या त्याच कुळावर जगतात, दुसरा कुठलाही पाला टाकून उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात याचाच जवळचा नातेवाईक सेफोनोडेस किंगी आहे, त्याच्याही अळ्या अनंत खातात.

मग एक दिवस खाणं बंद, अंगाचा हिरवा रंग मळकट आणि अळी नुसती सैरावैरा पळत सुटते. अशा वेळी आजारी पडली की काय वाटतं पण तसं नसतं, ती कोषात जायला जागा शोधत असते. खाली भुसभुशीत, किंचित ओलसर माती आणि वर पाचोळा घालून ठेवला, चिखल नको कारण बुरशी धरते. आणि मातीत एक खडबडीत काडी उभी रोवली, ती विसरायची नाहीच, कारण बाहेर आलेल्या पतंगाला लटकून पंख पसरायला जागा मिळाली नाही तर ते चुरगळलेलेच वाळतात.

पहिला पतंग सकाळी निघाला. काडीवर चढला, पंख हळूहळू लांबले आणि ते पारदर्शक नव्हतेच!! करडट खवल्यांनी पूर्ण भरलेले. बराच वेळ तो तसाच लटकून होता, मग पंख थरथरवायला लागला (उडायच्या आधी स्नायू गरम करतात) आणि खवले बारीक पुडीसारखे खाली झडायला लागले, आणि बघता बघता पंख काचेसारखे, फक्त शिरा आणि कडा तेवढ्या गडद. पाठ शेवाळी हिरवी, पोटावर तांबूस पट्टा, शेवटी काळ्या केसांचा पंखा.

थंड प्रदेशातले हेमारिस पतंगही असेच पहिल्या उड्डाणात खवले झटकतात, पण हमिंगबर्ड हॉक मॉथ ज्या मॅक्रोग्लॉसम गटातला आहे त्यांच्या पंखांवर खवले तसेच राहतात. म्हणजे उडताना सगळे सारखे वाटले तरी पंखातून पलीकडचं पान दिसतंय का एवढं बघितलं की गट कळतो.

पतंग हातात घ्यायचा मोह आवरा, जाळी उघडी ठेवा, तयार झाला की तो आपला आपण जातो. दुसरा कोष अजून मातीत आहे, यावेळी मोबाईल स्टँडला लावून खवले झडतानाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचाय.