ओल आलेली भिंत, फोटोशॉपमध्ये

पावसाळा सरत आला की ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीची भिंत जवळून बघावी. ओलीचा डाग मधे फिका असतो आणि काठावर सगळ्यात गडद. पाणी पसरताना मळ आणि क्षार काठाशी नेऊन टाकतं आणि तिथे सुकतं. बरेच जण टेक्श्चर (शेजारी-शेजारी लावून पसरता येणारं पृष्ठभागाचं चित्र) करताना डागाचा मधलाच भाग काळा करतात. मग भिंतीऐवजी धूर दिसतो.

५१२ × ५१२ पिक्सेलची आरजीबी फाइल घ्या. डी दाबून रंग काळा-पांढरा करा, मग फिल्टर मेनूतल्या रेंडरमधून क्लाउड्स. या ढगांचा आकार पिक्सेलमध्ये ठरलेला असतो, म्हणून थेट २०४८ वर चालवलं तर डाग बारीक येतात, पुरळ उठल्यासारखे. शिवाय २५६, ५१२, १०२४ अशा मापांत समोरासमोरच्या कडा जुळतात, ५०० मध्ये नाही.

आता मोड १६ बिट करा आणि मगच इमेज साइजमधून २०४८ करा. हा क्रम चुकवू नका. ८ बिटमध्ये राखाडीच्या २५६च छटा. पुढे त्यातल्या दहा-बारा ताणल्या गेल्या की डागाच्या काठाला पायऱ्या पडतात.

खरं काम ग्रेडियंट मॅपचं: काळ्यापासून (० टक्के) पांढऱ्यापर्यंत (१००) प्रत्येक छटेच्या जागी तो एक रंग देतो. अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालचं चित्र न बदलता वरून परिणाम करणारा थर) म्हणून लावा. ० ते ४४ टक्के कोरड्या चुन्याचा पिवळट रंग, ४६ वर फुटलेल्या खाराचा पांढरा, ४८ वर गडद तपकिरी, ५६ पासून १०० पर्यंत फिका शेवाळी करडा. तपकिरी रेघ बारीक ठेवली तर डाग सुकलेला वाटतो, रुंद केली तर अजून ओला. इथे वेळ घालवा, थोडं-थोडं सरकवून बघण्यासारखं आहे.

गिलाव्याचा रवा मात्र २०४८ झाल्यावरच; आधी केला तर मोठं करताना विरघळतो. वर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर, अ‍ॅड नॉइज १२ टक्के, गॉशियन, मोनोक्रोमॅटिक (ही खूण करायची राहिली तर रंगीत ठिपके येतात), गॉशियन ब्लर ०.८, एम्बॉस १३५ अंश, उंची २, अमाउंट १००. लेयरचा मोड ओव्हरले, ओपॅसिटी ४०. एम्बॉस सपाट भाग मधल्या करड्यावर आणतं आणि ओव्हरलेत तो करडा दिसतच नाही, म्हणून फक्त खडबडीतपणा उरतो.

शेवटी कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-ई दाबून सगळ्याचा एक लेयर करा. त्यावर चित्र सरकवणारं ऑफसेट फिल्टर, आडवं-उभं १०२४, रॅप अराउंड (बाहेर गेलेला भाग पलीकडून आत येतो), म्हणजे कडा मधे येतात. मधे पुसट फुली दिसेल: मोठं करताना आणि ब्लरमध्ये कडेच्या पिक्सेलला पलीकडचा शेजारी मिळालेला नसतो. हीलिंग ब्रशने ती मिटवा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २०४८ पिक्सेल म्हणजे जेमतेम १७ सेंटिमीटर, त्यामुळे छपाईसाठी पॅटर्न करून पसरावंच लागतं. पसरल्यावर लांबून बघा. एखादा ठळक डाग ओळीने परत परत डोळ्यात भरत असेल, तर मूळ फाइलमध्ये जाऊन तेवढा पुसा.