मिल्टन कीन्समध्ये वाहन परवाना: दोन थिअरी, दोन प्रॅक्टिकल आणि पुष्कळ राउंडअबाउट

इंग्लंडमध्ये राहायला आले तेव्हा महाराष्ट्रात काढलेला चारचाकीचा परवाना सहा वर्षे माझ्या पाकिटात होता, पण स्टिअरिंगमागे प्रत्यक्ष घालवलेले तास बोटांवर मोजण्याइतकेच होते. घरची गाडी बाबा किंवा भाऊ चालवत आणि माझी सगळी ये-जा स्कूटीवर होत असे. इथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे फारसे नवे काही शिकावे लागणार नाही अशी माझी समजूत होती. ती दूर व्हायला दहा महिने लागले.

आधी नियम सांगते. वास्तव्य सुरू झाल्यापासून 12 महिने भारतीय परवान्यावर इथे गाडी चालवता येते आणि नेमक्या याच सवलतीमुळे माणूस निवांत होतो. भारतीय परवाना ब्रिटिश परवान्यात थेट बदलून मिळत नाही. (दुबईत परीक्षा देऊन परवाना काढलेल्या माझ्या मैत्रिणीला तो नुसत्या अर्जावर बदलून मिळाला, तेव्हा मला थोडा हेवा वाटला.) वर्ष उलटल्यावर प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ) परवाना, गाडीला एल अक्षराच्या पाट्या आणि शेजारी किमान 21 वर्षांची, तीन वर्षे परवाना असलेली व्यक्ती, एवढे सगळे लागते. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून प्रोव्हिजनलचा अर्ज पहिल्याच महिन्यांत करावा. ऑनलाइन अर्जाला मला 34 पौंड पडले.

थिअरीचे दोन भाग असतात आणि दोन्ही एकाच वेळी उत्तीर्ण व्हावे लागतात. पहिल्या भागात 57 मिनिटांत 50 प्रश्न असून 43 बरोबर यावे लागतात. तो अभ्यासाने जमतो, फक्त आपल्या किलोमीटरच्या सवयीमुळे अंतरे मुद्दाम पाठ करावी लागतात. (ताशी 30 मैलांना गाडी पूर्ण थांबायला 23 मीटर लागतात, 70 मैलांना 96.) दुसऱ्या भागात रस्त्याच्या 14 चित्रफिती दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागताच क्लिक करायचे असते, 75 पैकी 44 गुण हवेत. पहिल्या खेपेला मला प्रश्नांत 48 मिळाले आणि चित्रफितींत 39. स्कूटीवर तयार झालेल्या माझ्या नजरेला उभी गाडी, फुटपाथवरची आजी, पोरांचा चेंडू असे सगळेच धोकादायक दिसत होते आणि मी सारखी क्लिक करत होते; तसे फार वेळा क्लिक केल्यास त्या चित्रफितीचे शून्य गुण मिळतात. ज्या गोष्टीमुळे आपल्याला वेग किंवा दिशा बदलावी लागेल, तिच्यासाठीच क्लिक करायचे असते. उभी गाडी हा धोका नव्हे, तिचे दार उघडू लागले की तो धोका होतो. हे कळायला मला आणखी 23 पौंड मोजावे लागले.

मी ऑटोमॅटिक गाडीवर शिकले. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल गाडी चालवता येत नाही, हे खरे, परंतु अनुभव थोडा असताना क्लच सांभाळण्यात अर्धे लक्ष जाऊ देण्यापेक्षा ते लक्ष रस्त्यावर असलेले बरे, या मताची मी आजही आहे. इन्स्ट्रक्टर निवडताना गाडीच्या काचेवरचा बिल्ला पाहावा: हिरवा अष्टकोनी बिल्ला पूर्ण पात्र शिक्षकाचा, गुलाबी त्रिकोणी प्रशिक्षणार्थीचा.

मिल्टन कीन्स हे 1967 पासून आखून वसवलेले शहर आहे; आडव्या रस्त्यांना एच आणि उभ्यांना व्ही असे क्रमांक आहेत आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे बहुतेक ठिकाणी सिग्नलऐवजी राउंडअबाउट, म्हणजे आपल्याकडचे सर्कल, आहे. सॅक्सन स्ट्रीटवरून चाइल्ड्स वेकडे वळताना मला पहिले तीन आठवडे घाम फुटत असे. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, एवढे आपल्याला पुस्तकात ठाऊक असते. पण आपल्याकडे सर्कलमध्ये गाडीचे नाक पुढे काढून आणि हॉर्न देऊन जागा करून घेतली जाते, तर इथे गाडीचा सिग्नल (इंडिकेटर) आणि मार्गिका यांवरून तुमचा बेत समोरच्याला आधीच कळावा लागतो. डावीकडे जायचे तर डावी मार्गिका आणि डावा सिग्नल; सरळ जायचे तर शिरताना सिग्नल नाही, आपल्या आधीचा फाटा ओलांडला की डावा; उजवीकडे जायचे तर उजव्या सिग्नलने शिरून शेवटी डावा. फाटा चुकला तर आणखी एक फेरी मारावी, आयत्या वेळी मार्गिका बदलू नये.

पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये मी नापास झाले, तेही राउंडअबाउटवर नव्हे. डावीकडच्या लहान रस्त्यात वळताना कडेला कुत्रा घेऊन एक गृहस्थ रस्ता ओलांडण्यासाठी थांबले होते आणि मी त्यांच्यासमोरून वळले. जानेवारी 2022 पासून अशा ठिकाणी नुसत्या थांबलेल्या पादचाऱ्यालाही आधी जाऊ द्यावे लागते. किरकोळ चुका 15 पर्यंत चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही. गाडी आली की पायी चालणाऱ्याने थांबायचे, ही सवय माझ्यात इतकी मुरलेली होती की ते गृहस्थ मला दिसले असूनही थांबावे असे सुचलेच नाही. पुन्हा परीक्षा देण्यापूर्वी 10 कामाचे दिवस जावे लागतात; मला तारीख मिळाली ती सात आठवड्यांनंतरची, आणि तीही कोणाची तरी रद्द झालेली, म्हणून संकेतस्थळ रोज उघडून पाहावे.

दुसऱ्या खेपेला सुरुवातीला 20 मीटरवरून नंबरप्लेट वाचायला सांगितले, मग ब्रेक चालतात का ते कसे तपासाल असे विचारले आणि पुढची साधारण 40 मिनिटे आम्ही रस्त्यावर होतो. त्यातली सुमारे 20 मिनिटे सॅटनॅव्ह (रस्ता सांगणारे उपकरण) ऐकून स्वतंत्रपणे चालवायचे होते. त्यात रस्ता चुकला तर गुण जात नाहीत, चुकल्यावर घाबरून काही केले तर जातात. रिव्हर्स करताना गाडी मुंगीच्या पावलांनी न्यावी आणि मान चारही बाजूंना वळवावी. आरसे तुम्ही पाहिलेत हे परीक्षकाला दिसलेही पाहिजे. सहा किरकोळ चुकांवर मी उत्तीर्ण झाले.

दोन्ही परीक्षांची फी आणि प्रोव्हिजनल मिळून 204 पौंड झाले, आणि 32 तासांच्या शिकवणीला त्याच्या सुमारे सहापट. तरीही खरा धक्का विम्याने दिला, कारण नवशिक्या चालकाचा हप्ता गाडीच्या मॉडेलनुसार खूप बदलतो. गाडी पसंत करण्याआधीच दोन-तीन मॉडेल्सचे विम्याचे दर काढून पाहावेत. परवाना मिळाल्यावर पहिल्या दोन वर्षांत दंडाचे सहा गुण झाले तर तो रद्द होतो आणि प्रोव्हिजनलपासून सगळे पुन्हा करावे लागते; मोबाइल हातात धरून गाडी चालवताना पकडले गेलात, तर हे सहा गुण एकदमच लागतात.